मदत हवी आहे: वेताळ टेकडीवरील पिवळ्या पट्ट्यांच्या कोळ्याची नेमकी ओळख

नमस्कार. रविवारी सकाळी पुण्यातील वेताळ टेकडीवर घाणेरीच्या दोन झुडपांमध्ये, साधारण गुडघ्याच्या उंचीवर, विणलेल्या गोल जाळ्याच्या मध्यभागी एक देखणा कोळी डोके खाली करून बसलेला दिसला. पायांखेरीज शरीराची लांबी सुमारे १ सेंटीमीटर, पुढचा भाग चंदेरी पांढरा, आणि पोटावर पिवळे व तपकिरी आडवे पट्टे होते. आठ पाय त्याने दोन-दोनच्या जोड्यांनी असे जुळवले होते की पाहताक्षणी चारच पाय आहेत असे वाटावे, आणि प्रत्येक जोडीच्या टोकापासून पुढे जाड पांढऱ्या रेशमाची नागमोडी रेघ ओढलेली होती. मी जरा जवळ सरकताच त्याने अख्खे जाळे झोक्यासारखे जोरजोरात हलवले. ते पाहून मी लगेच मागे झालो.

या खुणांवरून तो 'सिग्नेचर स्पायडर', म्हणजे अर्जिओपी या प्रजातीतील असून मादी असावी, कारण यांचे नर फारच लहान असतात, येथपर्यंत मी पोहोचलो आहे. अडचण पुढे आहे. भारतात आढळणाऱ्या अर्जिओपी अनसुजा आणि अर्जिओपी पुल्केला या दोन जाती मला छायाचित्रांत जवळजवळ सारख्याच दिसतात. पोटाच्या मागच्या टोकाचा आकार पाहावा, पट्ट्यांची मांडणी पाहावी, की खालच्या बाजूचे छायाचित्र असल्याशिवाय खात्री देताच येत नाही? जाळ्याला धक्का न लावता तसे छायाचित्र कसे घ्यावे, हेही जाणकारांनी कृपया सांगावे.