गॅरेजमध्ये स्वतः टाइल्स बसवायच्यात (रो-हाऊस ग्रुप)

रो-हाऊस ११ (दादा): नमस्कार मंडळी 🙏 गाडी आता बाहेर शेडखाली लावतोय, गॅरेजमध्ये सुतारकामाचं वर्कशॉप करायचंय. कोब्याची धूळ सुटते, पॉलिश केलेल्या लाकडावर जाऊन बसते. टाइल्स स्वतःच बसवणार आहे. कोबा फोडावा लागेल का?

रो-हाऊस ४ (काका): नको फोडू. हातोडीच्या दांड्याने ठोकत जा, पोकळ वाजेल तेवढाच भाग काढून भर. गाडीचं ऑइल ठिबकलंय तिथे टाइलचं चिकट (अ‍ॅडेसिव्ह) धरणार नाही, तो थर ग्राइंडरने खरवड. प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी टेप लावून २४ तास ठेव. खाली घाम दिसला तर ओल वर येतेय, आधी तिचा बंदोबस्त.

रो-हाऊस ९ (वहिनी): आमच्या हॉलच्या चकचकीत टाइल्स उरल्यात, हव्यात का भाऊजी?

रो-हाऊस ४ (काका): वर्कशॉपला नकोत गं. चकचकीत टाइलवर भुसा पडला की पाय सटकतो, तेही करवत चालू असताना. एक बाय एक फुटाची मॅट व्हिट्रिफाइड (काचेसारखी घट्ट भाजलेली) पार्किंग टाइल घे. खोल नक्षीची नको, खाचांत भुसा अडकतो.

रो-हाऊस ७: आमच्या पार्किंगमध्ये मिस्त्रीने सिमेंटचे पाच-पाच गोळे ठेवून टाइल दाबली होती. जॅक लावला आणि कोपरा उडाला.

रो-हाऊस ४ (काका): दादा, सगळ्यात महत्त्वाचं हेच. गोळ्यांच्या मधे हवा राहते. घरात चालताना कळत नाही, पण वर्कशॉपमध्ये व्हाइस (लाकूड पकडायचा शिकंजा) पडतो, मशीनचा एक पाय सगळं वजन एका जागी देतो. टाइल कितीही महाग घे, खाली पोकळी असेल तर तडकणारच. शिवाय व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळपास शोषतच नाही, साध्या सिमेंटच्या घोळाची पकड तिला येत नाही. टाइल अ‍ॅडेसिव्हच वापर. पिशवीवर आयएस १५४७७ (अ‍ॅडेसिव्हचं भारतीय मानक) बघ. टाइप १ साध्या सिरॅमिकला, तुला टाइप २ किंवा वरचा.
कालवून ५-१० मिनिटं ठेव, पुन्हा हलव, वरून पाणी घालू नकोस. दातेरी थापीने सगळ्या रेघा एकाच दिशेला ओढ, म्हणजे दाबताना हवा बाहेर निघते. टाइलच्या पाठीवरही पातळ हात फिरव. अधूनमधून एखादी ओली असतानाच उचलून बघ. पाठ पूर्ण माखलेली हवी. कोपरे कोरडे दिसले तर चिकट वाढव.

रो-हाऊस ११ (दादा): काका, सुरुवात कुठून? आणि उतार?

रो-हाऊस ४ (काका): शटरकडून अख्ख्या टाइल्स, तुकडे मागच्या भिंतीला, बेंचखाली जातील असे. आधी सगळी कोरडी मांडणी कर. गुण्या (काटकोनी पट्टी) लहान पडतो, म्हणून दोरीने ३-४-५ फुटांचा त्रिकोण धरून काटकोन काढ. उतार शटरकडे मीटरला १ सेंमी, आहे तोच ठेव. बेंचच्या पायाखाली पट्टी घालून बेंच लेव्हलला आणता येतो.
टाइल शटरच्या आतच संपव. बाहेर नेलीस तर उंबऱ्याशी पातळी वर येईल आणि पावसाचं पाणी शटरखालून आत शिरेल. भिंतीकडेने ८-१० मिमी फट सोड, त्यात सिमेंट नको, सिलिकॉन भर. बाकी टाइल्सच्या मधे ३ मिमी स्पेसर आणि त्या फटींत इपॉक्सी ग्राउट (फटी भरायचा मसाला). महाग पडेल, पण ऑइल मुरत नाही.

रो-हाऊस २ (सचिव): दादा, दुपारी २ ते ४ कटिंग नको, शेजारी बाळ आहे. चिकटाची भांडी ड्रेनेजच्या चेंबरमध्ये धुऊ नका, आत घट्ट होतं.

रो-हाऊस ९ (वहिनी): आणि भाऊजी, कापताना पाणी सोडा, एन-९५ मास्क लावा. ती सिलिकाची धूळ आहे, फुप्फुसातून निघत नाही.

रो-हाऊस ११ (दादा): सगळं लिहून घेतलं. मशीन कधी चढवू?

रो-हाऊस ४ (काका): दुसऱ्या दिवशी चालायला हरकत नाही. जड मशीन आठवड्यानंतरच. दातेरी थापी आणि लेव्हल ट्यूब (पाण्याने पातळी बघायची नळी) माझ्याकडे आहे, संध्याकाळी घेऊन जा. पहिली ओळ लावशील तेव्हा हाक मार, येतो.