मदत हवी आहे: भावाचा सीआरपी (रक्तातला दाह दाखवणारा आकडा) ३८ आलाय, मेंदूवर परिणाम होतोय का?

अर्धविराम: भावाला स्किझोफ्रेनिया आहे. कालच्या रिपोर्टात सीआरपी ३८, नॉर्मल ५ च्या आत. अंगातल्या दाहाने मेंदूतलं ग्रे मॅटर झिजतं असं वाचलं. दाह कमी करायची गोळी चालू करू का? लवकर सांगा, रात्रभर डोळा नाही.

चष्मिश: वय काय? औषधं कोणती? ताप, दातदुखी, लघवीला जळजळ? सीआरपी म्हणजे धूर, आग कुठे लागलीय ते त्यावरून कळत नाही.

अर्धविराम: औषधं नेहमीचीच. माझा प्रश्न मेंदूचा आहे.

पिंपळपान: ओमेगा-३ द्या. माझ्या बहिणीला महिन्यात फरक पडला.

तिरकस: बहिणीला काय होतं?

पिंपळपान: गुडघे.

सांजवात: २०१६ मध्ये सी४ जनुकाचं संशोधन आलं. सिनॅप्सना, म्हणजे मेंदूपेशींमधल्या जोडांना, 'हे काढा' अशी खूण करण्यात या जनुकाचा हात असतो, आणि मायक्रोग्लिया, म्हणजे मेंदूतल्या रोगप्रतिकारक पेशी, ते खुडतात. स्किझोफ्रेनियात ही खुडणी जास्त होत असावी असा कयास आहे. पण रक्तातला एक आकडा म्हणजे त्याचा मीटर नव्हे. दाह कमी करेल म्हणून मिनोसायक्लिन हे अँटिबायोटिक देऊन पाहिलं, २०१८ च्या चाचणीत उपयोग दिसला नाही.

तिरकस: म्हणजे सगळं थोतांडच.

सांजवात: असं कुठे म्हटलं मी? औषध सुरू व्हायच्या आधीही काही रुग्णांत आयएल-६ हे दाहाशी संबंधित प्रथिन वाढलेलं सापडतं. काहींत, सगळ्यांत नाही.

जुनीवही: ताप आणून वेड बरं केल्याबद्दल वाग्नर-याउरेग यांना १९२७ चं नोबेल मिळालं होतं!

चष्मिश: ते सिफिलिसने मेंदू बिघडलेल्यांसाठी, मलेरिया टोचून. अर्धविराम, 'नेहमीची' म्हणजे कोणती?

अर्धविराम: क्लोझापिन. आधीच्या दोन औषधांनी कानात येणारे आवाज थांबेनात म्हणून १७ दिवसांपूर्वी चालू केलं. तेव्हा सीआरपी ३ होता. कणकण आहे, धडधडतं म्हणतो, जिन्यात मध्येच बसतो. नवीन गोळीने होत असेल म्हणून लिहिलं नाही.

चष्मिश: अहो, हेच आधी सांगायचं! क्लोझापिनच्या पहिल्या महिन्यात क्वचित हृदयाच्या स्नायूला सूज येते. ताप, धडधड, धाप, वाढलेला सीआरपी, सगळं जुळतंय. आत्ता इमर्जन्सीत न्या. ईसीजी आणि ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झालीय का ते दाखवणारी रक्ततपासणी) करा म्हणावं. डॉक्टरांशी बोलल्याशिवाय पुढचा डोस देऊ नका.

पिंपळपान: ओमेगा-३ हृदयालाही चांगलं.

तिरकस: गप्प बसा हो जरा.

अर्धविराम: निघालोय. गोळ्यांचं पाकीट न्यायचं का?

चष्मिश: पाकीट, दोन्ही रिपोर्ट, आणि पहिली गोळी कधी दिली ती तारीख कागदावर.