मदत हवी आहे : हॅलोविनच्या संध्याकाळी दारावरचा दिवा आणि खाऊ

नमस्कार. आम्ही न्यू जर्सीतील एडिसन येथे नुकतेच राहायला आलो असून, ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी सोंगे घेऊन दारोदार फिरणाऱ्या मुलांचे स्वागत तेथील रीतीला धरून कसे करावे, याबाबत जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. दारावरचा दिवा लावलेला असेल तर मुलांनी यावे आणि मालवलेला असेल तर पुढे जावे, हा संकेत मला ठाऊक आहे. मात्र २०२४ प्रमाणे दिवाळी त्याच सुमारास आली, तर आमचा आकाशकंदील आणि पणत्या पाहून शेजाऱ्यांना ते निमंत्रण वाटणारच. घरात तान्हे बाळ असल्याने उशिरा घंटा वाजू नये असे वाटते, पण सणासुदीला दारात अंधार ठेवणे मनाला पटत नाही. अशा वेळी पायरीवर खाऊचे भांडे आणि घंटा न वाजवण्याची विनंती करणारी चिठ्ठी ठेवली, तर ते तुटकपणाचे दिसेल का?

सासूबाई हौसेने बेसनाचे लाडू वळतात, परंतु अनोळखी घरचा सुटा पदार्थ पालक मुलांना खाऊ देत नाहीत, आणि ते रास्तच आहे. म्हणून वेष्टनातली चॉकलेटेच देणार आहोत. शेंगदाण्याची वगैरे अ‍ॅलर्जी असलेल्या मुलांसाठी काहीजण दारात हिरवट निळा भोपळा ठेवून पेन्सिली किंवा स्टिकर वेगळ्या भांड्यातून देतात. आम्हीही तसे करणार आहोत. पण कोणते भांडे हवे, हे सोबतच्या मुलांसमोर त्या मुलाला अवघडल्यासारखे न होता कसे विचारावे?