केळीच्या खोडापासून प्लास्टिक: रावेरला कारखाना टाकावा का?

खोडकर_रावेर

नमस्कार मंडळी. रावेर तालुक्यात आमची बारा एकर केळी आहे, थोडी मृगबाग (जून-जुलैची लागवड), थोडी कांदेबाग (ऑक्टोबरच्या सुमाराची). बी.एस्सी. केमिस्ट्री झाल्यावर काही वर्षं जळगावात नोकरी केली, आता पूर्णवेळ शेतीच करतो.

घड उतरला की खोडाचं करायचं काय, हा आमच्याकडचा कायमचा प्रश्न. पिलबाग (पिलांवर घेतलेलं खोडव्याचं पीक) संपली की अख्खा मळा मोकळा करावा लागतो. कोणी रोटाव्हेटर मारतो, कोणी बांधावर रचून ठेवतो, तिथे सोंडकिडा पोसला जातो. मजुरी आपल्याच खिशातून जाते.

बाहेरच्या राज्यातली एक मशीनवाली पार्टी भेटली आहे. २८ लाखांत 'बायोप्लास्टिक प्लांट' देतो म्हणते. खोड घाला, लगदा करा, त्यात त्यांची पावडर मिसळा, दाणा (ज्यापासून प्लास्टिकच्या वस्तू काढतात तो कच्चा माल) तयार. तो दाणा तेच परत विकत घेणार, तसा करार करून देतात. बँकेतले साहेब म्हणाले, पीएमईजीपीत (पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात) बसवू, उत्पादन उद्योगाला ५० लाखांपर्यंतचा प्रकल्प चालतो आणि ग्रामीण भागात सर्वसाधारण गटाला २५ टक्के अनुदान आहे.

घरी मी मक्याचा स्टार्च, व्हिनेगर आणि ग्लिसरीन घेऊन फिल्म करून पाहिली. वाळल्यावर छान पारदर्शक झाली, पण पाण्यात टाकली की शेंबडासारखी होते. आईने ती पातेली वेगळी काढून ठेवली आहेत, आता स्वयंपाकात घेत नाही.

या धंद्यातलं कोणी इथे असेल तर स्पष्ट सांगा. गोड बोलणारे खूप भेटले.

दाणावाला_भोसरी

स्पष्ट हवंय ना, मग ऐक भाऊ.

भोसरीत माझं ब्लोन फिल्मचं, म्हणजे दाणा वितळवून फुग्यासारखी फिल्म काढायचं युनिट आहे. आधी साध्या कॅरीबॅगा काढायचो. २३ मार्च २०१८ ला राज्याची प्लास्टिकबंदी आली, तीन महिन्यांची मुदत मिळाली आणि २३ जूनपासून दंड सुरू झाला. त्यानंतर कंपोस्टेबलकडे, म्हणजे कंपोस्टमध्ये कुजणाऱ्या पिशव्यांकडे वळलो. आजही तेच करतो, म्हणजे धंदा होत नाही असं मी म्हणणार नाही. पण तू जो विचारतोयस तो धंदा हा नव्हे.

दाणा बनवणं आणि दाणा चालवणं, हे दोन वेगळे उद्योग आहेत. चालवणं म्हणजे माझं काम: पोती विकत घ्यायची, एक्स्ट्रूडरमध्ये घालायची, फुगा काढायचा, रोल गुंडाळायचा, कटिंग-सीलिंग करून माल द्यायचा. हे पन्नास लाखांच्या आत बसू शकतं. बनवण्याचा हिशोब ऐकायचा असेल तर उत्तर प्रदेशात लखीमपूर खिरी जिल्ह्यात कुंभीला बलरामपूर चिनी ही साखर कंपनी पीएलएचा (साखरेपासून होणाऱ्या कुजणाऱ्या प्लास्टिकचा) कारखाना उभारते आहे. वर्षाला ८० हजार टन, खर्च सुमारे २,८५० कोटी. त्यांच्याकडे स्वतःची साखर आहे, वाफ आहे, वीज आहे. पुण्याच्या प्राज कंपनीनेही आधी जेजुरीला नुसतं प्रात्यक्षिक केंद्र उभं केलं, २०२४ च्या ऑक्टोबरात. एवढी मोठी माणसं पायरी-पायरीने जातात आणि तुला २८ लाखांत दाणा? त्या 'पावडरी'तच सगळी गोम आहे. पावडर म्हणजे साधं पॉलिथिन निघालं, तर तू खोडाचा भुसा घातलेलं प्लास्टिक विकशील. त्यातला भुसा कुजेल, बाकीचं बारीक होऊन मातीत राहील.

आता माझ्या दाण्याचं. बाजारातल्या बहुतेक कंपोस्टेबल पिशव्यांत मुख्य माल पीबीएटी असतो, सोबत थोडा पीएलए किंवा स्टार्च. पीबीएटी खनिज तेलापासून होतो. कुजतो, हे खरं, पण त्यात शेतातलं काही नाही, आणि माल बराचसा चीनमधून येतो. साध्या दाण्याच्या दुपटीहून महाग पडतो. त्यात आणखी एक मेख: साध्या एलडीची (पिशव्यांच्या पॉलिथिनची) घनता ०.९२, याची १.२५ च्या आसपास. तीच जाडी, तोच साइज, पण किलोत पिशव्या चौथ्या हिश्श्याने कमी निघतात. गिऱ्हाईक किलोचा भाव विचारतं, आणि तिथेच आपण मार खातो.

दमटपणा हा दुसरा शत्रू. पीएलए आधी ड्रायरमध्ये सुकवावाच लागतो, ओलावा ०.०२५ टक्क्यांच्या खाली आणायचा, नाहीतर मशीनच्या बॅरलमध्येच रेणूंच्या साखळ्या तुटतात आणि फुगा फाटत राहतो. तयार पिशवीही कायमची नसते. गोदामात पावसाळा काढला की सील सुटायला लागतात, डीलर माल परत पाठवतो.

दाखला तर लागतोच. आयएस/आयएसओ १७०८८ या कंपोस्टेबल प्लास्टिकच्या मानकाप्रमाणे सिपेटसारख्या (केंद्र सरकारची प्लास्टिक संस्था) प्रयोगशाळेत चाचणी, मग केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र. कुजण्याच्या चाचणीला १८० दिवसांपर्यंत मुदत असते. तेवढे महिने बँकेचा हप्ता कोण भरणार? शिवाय ज्या जाडीवर चाचणी झाली त्याहून जाड माल त्या दाखल्यात बसत नाही.

हे सगळं करून बाजारात जावं तर शेजारी कोणीतरी साध्या पिशवीवर हिरवं पान छापून निम्म्या भावात विकत असतो. महापालिकेचं पथक येतं, दोन्ही पिशव्या हाताने चोळून बघतं आणि निघून जातं. माझी खरी स्पर्धा त्याच्याशी आहे.

त्या पार्टीकडे तीन गोष्टी माग. पावडरीचं नाव आणि बनवणारा कोण, त्यांच्या दाण्यापासून केलेल्या मालाचा मंडळाचा दाखला, आणि आजवर परत घेतलेल्या मालाची जीएसटी बिलं. तिसरी गोष्ट देणार नाहीत, लिहून ठेव.

पॉलिमर_ताई

दाणावाला काकांनी व्यवहार सांगितलाच आहे, मी फक्त रसायन सांगते. पुण्यात पॉलिमरवर काम करते, वनस्पतींचे धागे घातलेल्या पीएलएवर बराच काळ घालवला आहे.

खोडकर, तुमची फिल्म पाण्यात विरघळली कारण स्टार्चला पाणी मनापासून आवडतं. ग्लिसरीन त्याला मऊ करतं, पाण्यापासून वाचवत नाही. व्हिडिओ नेहमी फिल्म वाळल्यावर संपतात, पुढचं कोणी दाखवत नाही. आणि मुळात केळीच्या खोडातल्या धाग्यात मुख्य माल स्टार्च नसून सेल्युलोज आहे, जोडीला हेमिसेल्युलोज आणि लिग्निन (धाग्याला लाकडासारखा कडकपणा देणारा घटक).

सेल्युलोज वितळत नाही. तापवत नेलं तर वितळण्याआधीच करपतं. त्यामुळे त्याचा 'दाणा' करायचा तर आधी रसायनांनी बदलावं लागतं, जसं सेल्युलोज ॲसिटेट. नाहीतर विरघळवून पुन्हा घडवावं लागतं. सेलोफेन असाच होतो, ब्रँडेनबर्गर यांनी १९०८ मध्ये शोधला. पण त्यात कार्बन डायसल्फाइड लागतो. तो विषारी आहे आणि फार लवकर पेट घेतो. घराशेजारच्या शेडमध्ये करायचं ते काम नव्हे.

तिसरा रस्ता: सेल्युलोज एन्झाइमने फोडून साखर करायची, साखर आंबवून लॅक्टिक आम्ल, त्यापासून लॅक्टाइड आणि शेवटी पीएलए. कागदावर सरळ दिसतो. पण लिग्निन आधी बाजूला काढावं लागतं, एन्झाइम महाग पडतात, आणि आंबवताना आम्ल चुन्याने मारत राहावं लागतं. त्या जुन्या पद्धतीत टनभर लॅक्टिक आम्लामागे जवळजवळ टनभर जिप्सम निघतो. म्हणजे एक कचरा संपवायला निघालो आणि दारात दुसरा ढीग. म्हणून तर जगातला बहुतेक पीएलए आजही मका, ऊस, कसावा यांच्या सरळ साखर-स्टार्चपासून होतो, टाकाऊ मालापासून नाही. जाहिरातीत हे सहसा सांगत नाहीत, आणि मला त्याचा राग येतो.

पीएलएबद्दल आणखी एक. तो कुजायला साधारण ५८ अंश तापमानाचं औद्योगिक कंपोस्ट लागतं. तुमच्या बांधावर पुरला तर वर्षानुवर्षं तसाच सापडेल. आणि साठेक अंशांना तो मऊ पडतो, त्यामुळे साध्या पीएलएच्या कपात उकळता चहा ओतायचा नाही.

केळीचा धागा पीएलएत भरण म्हणून घालता येतो, कडकपणा वाढतो. मात्र दोनशे अंशांच्या पुढे धागा तपकिरी व्हायला लागतो आणि पीएलए चालतो १८० ते २०० मध्ये. जागा अरुंद आहे. प्रयोगशाळेत जमतं, रोज टनाने काढणं वेगळं. तुम्ही केमिस्ट्रीवाले आहात म्हणून इतकं लिहिलं.

धागादोरा_यावल

आम्ही शेजारीच, यावलला. बायकांचा गट आहे, केळीचा धागा काढतो. तुमच्या खोडावर आमचाही डोळा असतो म्हणून लिहिते!

दादा, आधी खोडाचं गणित करा. हेक्टरी ६० ते ८० टन खोड निघतं, पण त्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच. ट्रॅक्टर भरून दहा किलोमीटर नेलात तर डिझेल पाण्यावर जाळलं समजा. धागा सुटतो वजनाच्या साधारण एक टक्का. म्हणजे एकरातून अडीचशे किलोच्या आसपास. कारखाना खोडाजवळ न्यायचा, खोड कारखान्याजवळ नाही. आम्ही मशीनच ट्रॉलीवर चढवून शेतात नेतो.

खोड ताजं लागतं. सोपट सोलून लगेच मशीनला लावलं तर धागा पांढरा येतो, पडून राहिलं तर काळपट, आणि काळपट धाग्याचा भाव पडतो. रस अंगावर उडाला की साडीचा डाग जन्मात जात नाही, म्हणून सगळ्या जुने सदरे घालून काम करतो. पावसाळ्यात धागा वाळवणं हीच मोठी डोकेदुखी.

नुसत्या धाग्यावर पोट भरत नाही, हेही सांगते. नवसारीच्या कृषी विद्यापीठाने खोडावर मोठं काम केलं आहे: धागा, गाभ्याची कँडी, उरलेल्या चोथ्याचं गांडूळखत, आणि रसापासून 'नोव्हेल' नावाचं सेंद्रिय द्रवखत. एका खोडातून चार-पाच वस्तू निघाल्या तरच हिशोब जुळतो. एकदा जाऊन बघून या, रावेरहून नवसारी काही फार लांब नाही.

आणि खोड फुकट आहे असं समजू नका. केळी जमिनीतून पालाश भरपूर उचलते, त्यातलं बरंच खोडात असतं. सगळं खोड काढून नेलं तर पुढच्या बागेला तेवढा पोटॅश पोत्यातून घालावा लागेल. म्हणून आम्ही चोथा शेतकऱ्यालाच परत देतो. माझे सासरे याच एका अटीवर शेतात मशीन घालू देतात.

खोडकर_रावेर

सगळ्यांचे आभार. पार्टीला फोन केला होता. पावडरीचं नाव 'कंपनीचं गुपित', आणि बिलं मागितल्यावर 'आधी बुकिंग करा'. विषय संपला. यावलच्या ताईंना निरोप केला आहे, पिलबाग निघेल तेव्हा मशीन आमच्या शेतात लावा, चोथा आम्हाला ठेवा.

एक नवीन प्रश्न. आमच्या भागात कलिंगड आणि पपईला मल्चिंग पेपर (बेडवर अंथरायची प्लास्टिकची फिल्म) खूप जातो. पीक निघाल्यावर तो काढायला मजूर मिळत नाहीत, तुकडे मातीत राहतात, नाहीतर बांधावर पेटवतात. मातीत जिरणारा पेपर निघतो म्हणतात. त्याचं काय? की तोही पीएलएचाच असतो?

पॉलिमर_ताई

नुसत्या पीएलएचा नसतो. पीबीएटी आणि स्टार्चचं मिश्रण असतं, ते साध्या मातीच्या तापमानालाही कुजतं. युरोपात त्यासाठी ईएन १७०३३ हे मानक २०१८ मध्ये आलं: मातीत दोन वर्षांच्या आत ९० टक्के कुजलं पाहिजे. मातीतल्या चाचणीची पद्धत आयएसओ १७५५६, कंपोस्टच्या चाचणीहून वेगळी. विक्रेत्याने कंपोस्टचा कागद दाखवला तर तो इथे पुरेसा नाही, मातीचा अहवाल मागा. तुमच्याकडचं ऊन आणि ठिबकची ओल बघता पेपर पिकाआधीच फाटेल का, हे मात्र तुमच्याच रानात बघावं लागेल.

दाणावाला_भोसरी

हा प्रश्न आवडला. इथे गणित थोडं बरं आहे. साधा पेपर १.२ मीटर रुंद, ४०० मीटर लांब, २५ मायक्रॉन, रोल होतो ११ किलोचा. जिरणारा १५ मायक्रॉनमध्ये चालतो, त्याचा रोल ९ किलोचा. किलोला भाव दुप्पट-अडीचपट असला तरी मीटरला फरक तेवढा राहत नाही, आणि काढायची मजुरी वाचते. कॅरीबॅगेत गिऱ्हाईकाला काही वाचत नाही, इथे वाचतं.

मशीन घेऊ नकोस. आधी पाच-सहा कलिंगडवाले शेतकरी गोळा कर, प्रत्येकी एकेक एकर. माझी डाय (फिल्म काढायचा साचा) एवढ्या रुंदीला लहान पडते, पण चाकणला एक जण जॉबवर्कवर काढून देतो, दाणा आपण पुरवायचा. काळा मास्टरबॅचही (रंगाचा दाणा) कुजणाऱ्या बेसचा घ्यायचा, साधा पॉलिथिनचा चालणार नाही, हे त्याला बजावून सांग. रोल लावणीच्या पंधरा दिवस आधीच काढ, गोदामात ठेवू नकोस. मागचा शिल्लक रोल कोणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नकोस.

किती मीटर लागेल ते मोजून इथेच टाक, दाण्याचा हिशोब मी करून देतो.

खोडकर_रावेर

काका, सहा फुटांवर बेड धरले तर एकराला साधारण २,२०० मीटर, म्हणजे साडेपाच रोल. चार जण तयार आहेत, पाचवा म्हणतो आधी तुमचा बघतो.

दाणावाला_भोसरी

मग बावीस रोल धर, दोनशे किलो. सेटिंगला माल वाया जातो, म्हणून दाणा अडीचशे किलो घे. पाचव्याला बघू दे.