मदत हवी आहे : चार अंकी संख्या मूळ आहे का, हे तोंडी कसं ओळखायचं?

सहावीतल्या भाचीला नवं वेड लागलंय. व्हेरायटी चौकात सिग्नलला थांबलं की पुढच्या गाडीचा नंबर मूळ की संयुक्त, सांगा! एमएच 31 मधला 31 मूळ, एमएच 49 मधला 49 म्हणजे सात साती, इथवर ठीक. चार अंक आले की माझी पंचाईत.

2, 3, 5 लगेच कळतात. 7, 11, 13 साठी हजाराचा अंक शेवटच्या तीन अंकांतून वजा करतो: 2093 चे 93 वजा 2, उरले 91, म्हणजे 7 आणि 13 दोन्हींनी भाग जातो. पण 2491? त्याचे विभाजक 47 आणि 53, तेही घरी कागदावर सापडले.

17 ते 97 मधल्या मूळ संख्यांसाठी (101 चा वर्ग 10201, त्यामुळे पुढे जायला नको) काही युक्ती आहे का? कॅल्क्युलेटर बाईसाहेबांना चालत नाही.