नव्या आयांचा गट चालवायचाय, पण येऊन बसतात त्यांच्या सासवा

कुळीथपिठी (देवगड)

आधी माझी परिस्थिती सांगते. मुलगा सव्वा वर्षाचा आहे. बाळंतपण माहेरी चिपळूणला झालं. सव्वा महिन्याने इकडे आले आणि त्यानंतर जे काही झालं त्याला अजून नाव देता येत नाही. नवरा मुंबईत असतो. महिन्यातून एकदा कोकणकन्येने कणकवलीला उतरतो, दोन दिवस राहतो नि जातो. रात्री बाळ रडायला लागलं की मीही रडायचे, आणि सकाळी सासूबाई विचारायच्या, "डोळे कित्याक सुजले गो?"

मला सावरलं ते शेजारच्या वाडीतल्या एकीने. तिचं बाळ माझ्यापेक्षा चार महिन्यांनी मोठं. एका दुपारी आली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "माझं पण असंच व्हायचं. भात खाल्लास?" एवढंच. मग आम्ही दोघी पायरीवर बसून पिठीभात जेवलो.

तेव्हापासून डोक्यात आहे की असं बसणं आणखी चारजणींना मिळावं. अंगणवाडीच्या ताईंनी गुरुवारी दुपारी खोली दिली. मी वहीत विषयही लिहून नेले होते: स्तनपान, झोप, लसी. पहिल्या दिवशी नव्या आया पाच आणि त्यांच्याबरोबर आलेल्या सासवा, आज्या, आत्या मिळून सात! तासभर चर्चा कशावर, तर गुटीत हिरडा किती वळसे उगाळायचा. एक आजी मला म्हणाल्या, "आमका कोणी शिकवल्यान? सात झाली, साती जगली." पाचही जणी खाली मान घालून बाळांना थोपटत बसल्या. दुसऱ्या गुरुवारी दोघीच आल्या.

मी बी.कॉम. आहे, ना डॉक्टर ना नर्स. हे करण्याचा मला अधिकार आहे का? सासवांचं काय करू? आणि कोणी काही भलतंच गंभीर बोललं तर?

---

ओहोटी

मी आरोग्यसेविका होते, आता निवृत्त. अधिकाराचं विचाराल तर गट चालवायला पदवी लागत नाही. फक्त आपली हद्द माहीत हवी. बाळ दूध ओढत नाही, अंग तापलंय किंवा गार पडलंय, श्वास भरभर चाललाय, पिवळेपणा तळपायापर्यंत उतरलाय, किंवा बाळंतिणीला ताप आहे, अंगावरून जास्त जातंय, तर तिथे गप्पा थांबवायच्या आणि दवाखाना गाठायचा. "माझ्या बाळाला पण झालं होतं, आपोआप गेलं" हे वाक्य अशा वेळी कोणालाही बोलू देऊ नका.

दुसरं, आशाताईंना डावलून काही करू नका. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर त्या 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी जातात. कुठल्या घरात दिवसभर दार लोटलेलं असतं हे त्यांना माहीत असतं. तुमच्याकडे कोणाला पाठवायचं ते त्याच ठरवतील.

मध, साखरपाणी, गुटी यांवरून भांडत बसू नका. सहा महिने फक्त अंगावरचं दूध, आणि वर्षाच्या आत मध अजिबात नाही, एवढं आशाताईंकडून एकदा सांगून घ्या. त्या बोलल्या की आज्या ऐकतात. तुम्ही बोललात तर "कालची पोर".

---

पाणीपिशवी (गुहागर)

चार वर्षं झाली, आम्ही दर पंधरा दिवसांनी बसतो. तुमच्या पहिल्या गुरुवारचं वाचून हसू आलं, कारण आमच्याकडे हिरड्याच्या जागी वेखंड होतं.

आधी ती वही घरी ठेवा. विषय घेऊन गेलात की तुम्ही बाई होता आणि त्या विद्यार्थिनी. मी आता फक्त सुरुवात करते, तीही स्वतःच्या फजितीने. एकदा म्हटलं, "माझी मुलगी वीस दिवसांची असताना मी तिला पाळण्यात ठेवून विहिरीवर जाऊन उभी राहिले होते, नुसती, रडण्याचा आवाज येऊ नये म्हणून." पुढची पाच मिनिटं कोणी बोललं नाही. ती पाच मिनिटं मला खायला उठली होती. मध्येच काहीतरी बोलून ती भरून काढली नाही, हे मी आजवर केलेलं सगळ्यात चांगलं काम. मग एकेक जण बोलायला लागली.

नियम एकच ठेवलाय. "तू असं कर" म्हणायचं नाही, "मी असं केलं होतं" म्हणायचं. ऐकायला बारीक फरक वाटतो, पण सात पोरांच्या आजीलाही या नियमाने स्वतःची गोष्ट सांगावी लागते. आणि एकदा सांगायला लागली की तीही रडते, हे मी बघितलंय.

सासवांना हाकलू नका. काम द्या. आमच्याकडे त्या ओटीवर बाळं सांभाळतात आणि सुना माजघरात बसतात. बाळ आजीच्या मांडीवर असेल तर आजीची तक्रार नसते. बाळाला भूक लागली की आत आणून देतात.

चहा ठेवू नका. चहा म्हटला की उठते कोण? सगळ्यात धाकटी सून, जिला आपण बसायला बोलावलंय तीच. मी घरून नाचणीची आंबील नेते आणि पेले आपापले आणायला सांगते. बाजाराचा दिवस टाळा. गणपतीचे पंधरा दिवस सुट्टीच द्या, घराघरात माणसं असतात. चार ते आठजणी पुरेत. एक आली तरी बसा.

आता गंभीर बोलण्याचं. एक मुलगी यायची, बाळ सहा आठवड्यांचं. पदराचं टोक बोटाला गुंडाळायची, सोडायची, परत गुंडाळायची. एकदा खाली बघूनच म्हणाली, "ह्याला तुळशीपाशी ठेवून निघून जावं असं वाटतं." कोणीतरी लगेच, "असं बोलू नये गं." मी त्या बाईंच्या हातावर हात ठेवला आणि मुलीला विचारलं, रात्री झोपतेस किती? म्हणाली, बाळ झोपलं तरी डोळा लागत नाही.

सगळ्या गेल्यावर मी तिच्याबरोबर बागेच्या गडग्यापर्यंत चालत गेले आणि सरळ विचारलं, "स्वतःला किंवा बाळाला काही करावंसं वाटतं का?" विचारल्याने डोक्यात नसलेलं शिरतं ही समजूत चुकीची आहे, उलट बाईला सुटल्यासारखं होतं. ती म्हणाली, "बाळाला नाही."

अर्धंच उत्तर दिलं होतं तिने. मी तिला एकटीला घरी जाऊ दिलं नाही. त्याच दिवशी रिक्षा करून सरकारी रुग्णालयात गेलो. तिथे दहा प्रश्नांचा एक कागद भरून घेतला, त्यातला शेवटचा प्रश्न नेमका हाच होता. उपचार सुरू झाले. आज तिचं पोर आमच्या ओटीवरून उड्या मारतं.

चूक माझ्याकडूनही झाली. दवाखान्यात नेणं बरोबरच होतं, पण तिला न विचारता मी तिच्या आईला फोन करून सगळं ऐकवलं. मुलगी दोन महिने आली नाही. आता पहिल्याच दिवशी सांगून ठेवते: इथलं बोलणं उंबऱ्याबाहेर जाणार नाही, फक्त जिवावर बेतत असेल तर जाईल, आणि तेही आधी तुम्हाला सांगून. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर भिंतीवर खडूने लिहिलाय. चोवीस तास चालू, फुकट आणि मराठीत बोलता येतं.

---

रत्नांग्रीकर

समाजकार्य शिकतोय, म्हणून थोडी भर. 'सल्ला नकोच' हे मला पूर्ण पटत नाही. झारखंड आणि ओडिशात एकजुट संस्थेने गावातल्याच बायकांकडून महिला गट चालवले. 2010 साली द लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष आले: तीन वर्षांत त्या भागात नवजात बालकांचे मृत्यू 32 टक्क्यांनी कमी. तिथे चित्रं आणि गोष्टी वापरून बायका आपल्या अडचणी स्वतः निवडायच्या आणि त्यावर काय करायचं तेही स्वतःच ठरवायच्या. सासवांनाही मज्जाव नव्हता. मनाच्या त्रासासाठी आपल्या शेजारी गोव्यात गावातल्याच बायकांना शिकवून घरोघर पाठवण्याचा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष 2019 साली आले. फायदा दिसला, पण माफक. थोडक्यात, गट म्हणजे उपचार नव्हे, आणि गट चालवणाऱ्या बाईलाही कोणीतरी वर लागतं जिच्याकडे ती मोकळी होईल. पाणीपिशवी ताई, तुमचं कोण आहे?

---

पाणीपिशवी (गुहागर)

बहीण. दर बैठकीनंतर रात्री फोन. नावं सांगत नाही, नुसती बडबडते. पण पहिली दोन वर्षं कोणी नव्हतं, आणि त्या काळात माझी पाठ कायम धरलेली असायची.

---

बोरिवली फास्ट

मी दुसऱ्या बाजूचा. बायको-पोर राजापूरजवळच्या गावी, मी मुंबईत. रात्री व्हिडिओ कॉलवर बाळ दाखवतात, बायको पडद्याच्या कडेला असते, तिचा फक्त खांदा दिसतो. बरं आहे का विचारलं तर "बरंय". आम्हाला पण कोणीतरी सांगा ना, काय विचारायचं ते.

---

कुळीथपिठी (देवगड)

@बोरिवली फास्ट, "बरं आहे का" विचारू नका. "आज जेवलीस किती वाजता" विचारा. आणि फोन तिच्या तोंडासमोर धरायला सांगा.

बाकी सगळ्यांना, आजचा गुरुवार झाला. वही नेली नाही. आशाताई दहा मिनिटं बसल्या, मधाचं बोलल्या आणि गेल्या. मग मी सात पोरांच्या आजींना म्हटलं, आजी, बाहेर बाळं बघणारं कोणी भरवशाचं नाही. त्या पदर खोचून व्हरांड्यात जाऊन बसल्या नि बाकीच्यांना पण घेऊन गेल्या. आत आम्ही चौघी. मी माझं सुजलेल्या डोळ्यांचं सांगितलं आणि गप्प बसले. बाहेर लाटांचा आवाज, मध्येच एक ट्रॉलर. घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवलं होतं तरी बघितलं, तीन मिनिटं झाली होती.

मग कोपऱ्यातली एक म्हणाली, "माका दूध पाजूकच नको वाटता, कोणाक सांगू नकात."

निघताना आजींनी मला दारात गाठलं. म्हणाल्या, "पुढच्या गुरवारी पेज मी हाडतंय. तुझी ती आंबील पातळ होती."