रिवाइंडिंगनंतर मोटर तापते, उसाला पाणी बंद आहे. मदत हवी

वेदगंगाकाठ:
मोटर रिवाइंड करून, म्हणजे कॉइल नव्यानं गुंडाळून, आणली. अर्ध्या तासात बॉडीला हात लावता येत नाही. वाइंडरकडं दोनदा नेली, तो म्हणतो वाइंडिंग ओके, तुमच्या लाइनीचा दोष. तीन दिवस ऊस तहानलाय. लवकर सांगा.

खानापूरकर:
किती एचपी? बोअरची की नदीवरची? व्होल्टेज? मोकळी चालवून करंट बघितला का? एवढं तरी लिहा की, दादा.

वेदगंगाकाठ:
साडेसात एचपी, नदीवरची मोनोब्लॉक (मोटर-पंप एकत्र). तिन्ही फेजला ४०० च्या आसपास. इम्पेलर काढून चालवली, साडेसहा अँपिअर.

चिकोडी_सोलर:
सोलर पंप बसवा. रात्रीच्या थ्री फेजसाठी जागायला नको. आम्ही बसवला, सुखी आहोत.

भौतिकशास्त्र_सर:
तापल्यावर लोखंडाचं चुंबकत्व कमी होतं. ७७० अंश सेल्सिअसला, म्हणजे क्युरी तापमानाला, ते संपतंच. तुमच्या मोटरचं तेच होतंय.

उद्यमबाग_वाइंडर:
सर, चालत्या मोटरचा कोअर, म्हणजे आतलं लोखंड, तिथवर कधीच पोचत नाही. कॉइलच्या क्लास एफ इन्सुलेशनची मर्यादाच १५५ अंश, कॉइल कधीच जळून गेली असती. वेदगंगाकाठ, जुनी कॉइल कशी काढली ते सांगा.

वेदगंगाकाठ:
जाळूनच काढतात ना सगळे? गॅसची फ्लेम मारली. मी तिथंच होतो, कॉइलच्या खाचांमधले लोखंडी दात काही ठिकाणी लालसर झाले होते.

उद्यमबाग_वाइंडर:
हे आधी सांगायचं होतं. लालसर म्हणजे ५०० च्या वर गेलं. स्टॅम्पिंग म्हणजे सिलिकॉन पोलादाचे साधारण अर्ध्या मिलिमीटरचे पत्रे, प्रत्येकावर इन्सुलेशनचा पातळ थर. एडी करंट, म्हणजे लोखंडातच भोवऱ्यासारखा फिरणारा करंट, एका पत्र्यातच अडकून राहावा म्हणून तो थर. कॉइल जाळताना ३७० च्या वर जायचं नाही, कारण थर गेला की पत्रे एकमेकांत शॉर्ट होतात आणि लोखंड स्वतःच तापतं. लोड नसतानाही.

हुक्केरी_इलेक्ट्रिकल:
नाही पटलं. पत्रे शॉर्ट झाले तर वॉट, म्हणजे वाया जाणारी वीज, वाढतात, करंट एवढा नाही. साडेसातला मोकळा करंट चारच्या आसपास हवा. इथं टर्न, म्हणजे कॉइलचे वेढे, कमी पडलेत. टर्न कमी म्हणजे फ्लक्स (चुंबकीय प्रवाह) जास्त, पोलाद सॅच्युरेशनला गेलं, म्हणजे आणखी चुंबकत्व घेईना झालं, की करंट उडी मारतो.

नवा_इंजिनिअर:
अमॉर्फस, म्हणजे काचेसारख्या रचनेच्या धातूच्या फितीचा, कोअर का वापरत नाही? फीत जेमतेम २५ मायक्रॉनची, एडी लॉस फारच कमी.

हुक्केरी_इलेक्ट्रिकल:
ते ट्रान्सफॉर्मरला ठीक. १.५६ टेस्लाला सॅच्युरेट होतं, आणि ती कडक, ठिसूळ फीत कापून असा दातांचा स्टेटर (मोटरचा स्थिर भाग) कोण देणार? यांना पाणी आज पाहिजे.

उद्यमबाग_वाइंडर:
टर्नचा मुद्दा बरोबर, पण लालसर दात मी सोडणार नाही. वाइंडिंग उतरवलं की रिंग टेस्ट करून घ्या: कोअरभोवती केबलचे वेढे देऊन मोजून सप्लाय द्यायचा. एकाच जागी चटका बसला तर पत्रे गेलेत. सगळीकडं सारखं कोमट राहिलं तर कोअर वाचलाय. जुनी कॉइल भंगारात दिली का? कॉइलचा एक ग्रुप मिळाला तरी टर्न कळतील.

वेदगंगाकाठ:
पोत्यात आहे, वाइंडरच्या दारातच. आत्ता गाडी काढतो.